टिप्याच्या तोंडचा फेस

वेणूच्या टिप्या कुत्र्याचं तोंड सुजलं होतं आणि त्यातून फेस गळत होता. रोडपालीच्या त्या आळीत बायांनी पोरं घरात ओढली. वेणूचा नवरा जगन काठी घेऊन अंगणात आला.

"बाजूला हो, वेणू. पिसाळलाय तो."

"पिसाळला नाय वो! मधमाशी धरली त्यानं तोंडात. मी बघितलंय."

"मार जगन, बघतोस काय!" आळीतले पुरुष ओरडले.

काठी वर गेली तशी वेणू कुत्र्यावर आडवी पडली. दोन्ही हातांनी तिने त्याचा जबडा उघडला आणि जिभेत रुतलेला मधमाशीचा काटा नखाने खरवडून काढला. दात लागून तिच्या बोटातून रक्त आलं.

"ह्यो बघा काटा," ती रडत म्हणाली. मग त्याच्या तोंडाला ओलं फडकं लावून ती दुपारभर तिथेच बसून राहिली.

संध्याकाळी सूज उतरली. टिप्या घटाघटा पाणी प्यायला. जगनने त्याला घरात घेतलं आणि आपल्या ताटातली भाकरी भरवली.



वेणूचं ताट त्याने उंबऱ्याबाहेर सरकवलं. "तुला दात लागलाय त्याचा. पोटात चौदा इंजेक्शनं घे, मग आत ये."