पुढचं वजन

“जुन्या इंजिनाला आणखी किती ठिगळं लावायची?” नवऱ्याने विचारलं आणि बॉनेटमध्ये टांगलेला दिवा तिच्या बाजूला वळवला.

ती वाकून टेपने आतली जागा मोजत होती. गॅरेज नवऱ्याचं, गाडीही त्याचीच. पण घाटाच्या शर्यतीत ती चालवायची. गाडी चढाला दम टाकते, वळणांवर कमावलेलं सगळं सरळ चढणीवर घालवून बसते, हे तिनेच येऊन सांगितलं होतं. त्यातूनच हा वाद निघाला होता. आहे त्या इंजिनाला टर्बो, मोठा पाईप असं वरून जोडून भागवायचं, की ते उपटून अपघातात चेपलेल्या एका गाडीचं मोठं इंजिन आत बसवायचं?

“ठिगळं म्हणा हवं तर,” ती म्हणाली. “टर्बोने चढापुरती ताकद मिळते आणि गाडी आपल्या ओळखीची राहते. ते इंजिन जड आहे. पुढचं वजन वाढलं की गाडी वळायचं सोडून सरळ पळणार. मग स्प्रिंगा बदला, गिअरबॉक्स बदला. ते एकटं येत नाही, गोतावळा घेऊन येतं.”

धाकटा दीर टायरांच्या थप्पीवर बसून ऐकत होता. “वहिनी, आपण इंजिन आणतोय की सोयरीक जुळवतोय?”

तीही हसली. नवरा हसला नाही. कपड्याला हात पुसत म्हणाला, “चालवणार तू. तूच ठरव.”

तिला बरं वाटलं. संसारात त्याने तिच्यावर काही सोडल्याचं तिला चटकन आठवेना. तिने पुन्हा सगळं मोजलं, मनात घाट वर-खाली करून पाहिला आणि सांगितलं, “टर्बो.”

“ठरलं तर,” तो म्हणाला.

मग तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती माहेरी गेली. फोनवर विचारलं की तो म्हणायचा, काम चालू आहे. खोटं काही बोलत नव्हता.

परत आली ती घरी न जाता पिशवी घेऊन थेट गॅरेजमध्ये शिरली. बॉनेट उघडं होतं. आत ते मोठं इंजिन बसलं होतं, पुसून लख्ख केलेलं. जुनं कोपऱ्यात फरशीवर पडलं होतं आणि त्याच्यावर चहाचे उष्टे कप ठेवलेले होते.

“या मोठ्या इंजिनाला दुसरं गिऱ्हाईक लागलं होतं. हातचं गेलं असतं,” नवरा म्हणाला. “तुला तिकडे वडिलांची काळजी, म्हणून नाही सांगितलं. डोळा कसा आहे?”

“बरा आहे.”

तिने पिशवी खाली ठेवली, दार उघडलं आणि आत बसली. पाय क्लचपर्यंत पोचेना. पुढे सरकून पाहिलं. स्टिअरिंगही लांब राहिलं. शर्यतीच्या गाडीची सीट सरकत नाही, ती तळाला बोल्टने पक्की केलेली असते. तिने खाली हात घातला. नवी भोकं पाडली होती. पट्ट्या नव्याने वेल्ड केल्या होत्या, वरचा रंग अजून बोटाला चिकटत होता.

“सीट कोणी मागे घेतली?”

नवऱ्याने एक पाना उचलला आणि होता तिथेच ठेवला. “हे दांडगं आहे. तुला आवरायचं नाही. यंदा धाकट्याला बसवू म्हटलं. तू त्याला वळणं सांग. तुझ्याइतकी कुणाला पाठ आहेत?”

दीर दाराशी येऊन उभा राहिला. “मी दादाला म्हटलं होतं, वहिनीला आधी विचारू.” त्याचं तिच्याकडे पाहायचं धाडस होत नव्हतं.

सीटच्या टोकावर सरकून तिने चावी फिरवली. खालून घुमत आवाज वर आला, पत्रे थरथरले. ही गाडी आता चढाला दम टाकणार नव्हती, एवढं तिला बसल्या बसल्या कळलं. चढ संपतो तिथे लगेच उतार आणि उतारावर दरीच्या कडेचं वळण; एवढा वेग, एवढं वजन तिथे आवरायचं ते ब्रेकनेच. तिने चवडा लांब करून ब्रेक दाबून पाहिला.

“ब्रेक कोणते घातलेत?”

“आहेत तेच,” नवरा म्हणाला. “त्यांना काय धाड भरलीय? रविवारी शर्यत. एका वेळी किती करायचं माणसाने?”

तिने गाडी बंद केली. तिच्या लग्नात दीर शाळेत होता. सायकल, मग स्कूटर, मग गाडी, सगळं तो तिच्याकडून शिकला होता. गप्प बसली असती तरी तिला कुणी जाब विचारला नसता. क्षणभर ती गप्प बसलीच, आणि तो क्षण चांगला लांबला. मग ती उतरली, बाह्या वर सारल्या आणि जॅक ओढत पुढच्या चाकाशी नेला.

“त्या चेपलेल्या गाडीचे ब्रेक मागे पडले असतील,” ती दिराला म्हणाली. “घेऊन ये. डिस्क, कॅलिपर, सगळं.”

तो मागच्या खोलीत गेला. त्याच्या पाठोपाठ नवराही गेला. नट गच्च बसले होते. तिने पान्यावर पाय ठेवून सगळा भार टाकला, तेव्हा पहिला करकरत सुटला.

आत लोखंडाची उचकाउचक थांबली. नवरा हळू आवाजात बोलत होता, पण वर पत्रा होता आणि पत्र्याखाली सगळं ऐकू येतं.

“बघ, उगाच घाबरत होतास,” तो भावाला सांगत होता. “ती काही मनावर घेत नाही.”