गुरुवारचा सोबती

"डॉक्टर, आज जहाजावरचे एक कप्तान आलेत. एकटेच आहेत. घ्याल का सोबत?" गोल्फच्या मैदानावर जोड्या लावून देणाऱ्या स्टार्टरने विचारलं.

दातांचे निवृत्त डॉक्टर मनातल्या मनात हसले. गुरुवार उजाडला की हा गडी कोणीतरी एकटा जीव त्यांच्या गळ्यात मारायचा. मागच्या खेपेला एक वकील, त्याआधी एक बांधकामवाला. डॉक्टरांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. बायको गेल्यापासून रिकामं घर कसं खायला उठतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"घेतो की. बिचाऱ्याला तेवढाच विरंगुळा."

कप्तान उंच, अबोल माणूस. त्याचा पहिलाच चेंडू झाडीत घुसला.

"जाऊ द्या हो," डॉक्टर म्हणाले. "लोक महागड्या काठ्या घेतात, मनगट कसं वळवायचं ते शिकतात. पण खेळाची मजा यायला एकच गोष्ट लागते, सोबतीला माणूस हवा. मी जन्मभर लोकांशी बोललो, पण सगळ्यांची तोंडं उघडी आणि त्यात माझी हत्यारं. उत्तर कोण देणार?"

कप्तान हसला. डॉक्टरांना हुरूप आला. मग बायकोची बागेची हौस, शेजाऱ्याचा कुत्रा, स्वतःचं गुडघ्याचं दुखणं, सगळं निघालं. चालताना त्यांचा गुडघाही आज कुरकुरत नव्हता.

"मुलगा येतो का तुमचा?" कप्तानाने मध्येच विचारलं.

"येतो की. म्हणजे, फोन येतो. कामाच्या रगाड्यात असतो हो." डॉक्टरांनी चेंडूकडे नजर वळवली. "तुमच्या घरी कोण कोण?"

"आहेत सगळे."

डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. एकटी माणसं असंच मोघम बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यानंतर ते मुद्दामच जास्त बोलले.

खेळ संपला. कप्तानाने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "छान वाटलं, डॉक्टर."

"पुन्हा या. संकोच करू नका."

कप्तान चहाच्या खोलीकडे वळला. डॉक्टर नेहमीप्रमाणे घरी निघाले, पण फाटकापाशी त्यांचा पाय अडखळला. त्या माणसाला एकट्याने चहा घ्यायला लावायचं? आपली तरी कुठे कोण वाट बघतंय? ते माघारी फिरले.

चहाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत मोठ्या टेबलाभोवती हशा पिकला होता. वकील होता, बांधकामवाला होता. कप्तानासाठी मधली खुर्ची राखून ठेवली होती.

"आलात सुटून?" वकील म्हणाला. "गुडघ्याच्या दुखण्यापर्यंत आली होती का गाडी?"

"हसू नका रे," कप्तान खुर्चीत टेकत म्हणाला. "भला माणूस आहे. बरं, पुढच्या गुरुवारी त्याच्याबरोबर जायची पाळी कोणाची?"