डबाभर बर्फ

"आई, बघ! आज आपल्याकडेही बर्फ पडला."

खरं तर डोंगरापलीकडून स्वतः चालवत आणलेल्या बसच्या टपावरून त्याने तो डबाभर खरवडून घेतला होता आणि आल्या आल्या गुपचूप तिच्या खिडकीबाहेर पसरला होता. आई अंथरुणाला खिळलेली, माहेर पलीकडचं. हिवाळा लागला की बर्फासाठी झुरायची.

तिने हात बाहेर काढून चिमूटभर उचलला, गालाला लावला.

"गार आहे हो छान. आणि तू? शहरातल्याच बसवर ना रे आता?"

"तर! बाबा गेले त्या घाटाचं मी तोंडही बघत नाही."

आई हसली. "अरे वेड्या, ढग डोंगर चढता चढताच सगळा बर्फ पलीकडे टाकून मोकळे होतात. इकडे उतरतं ते नुसतं कोरडं वारं. चाळीस वर्षं झाली मला या घरात, चारदासुद्धा ही खिडकी पांढरी झाली नाही."

तो डब्याचं झाकण लावायला लागला. ते काही केल्या बसेना.

"उद्या कानाला मफलर बांधून जा," आई म्हणाली. "आणि बाबांचं ते वळण आलं की गाडी हळू घे."