उभ्या गाडीची बॅटरी

“हॅलो! ऐकू येतंय का? अहो, हॅलो!”

तिने हेडफोनचा आवाज कमी केला आणि हात तिथंच राहिला. फोनवर असं बोंबलणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. जन्मभर गॅरेजात चालू इंजिनांच्या वर ओरडून बोललेला, तिचा बाप.

“येतंय. बोला सर, काय मदत करू?” वाक्य तोंडातून सवयीने बाहेर पडलं. कॉम्प्युटर कंपनीच्या मदतकेंद्रात तिचं नाव वेगळं होतं. आवाजही वेगळा, गुळगुळीत. त्याने ओळखलं नाही.

“कॉम्प्युटर सुरू होत नाही. चालू केला की गोल गोल फिरतं, मग निळा पडदा, मग धाडकन बंद. आणि परत आपला आपण चालू! सकाळपासून हाच तमाशा चाललाय.”

“शेवटचं काय केलं होतंत, सर?”

“मी कशाला काय करतोय? बंद करताना त्यानेच विचारलं, अपडेट करू का? म्हटलं, कर.”

तिचा पाय टेबलाखाली हलायला लागला. फोन शेजारच्या टेबलावर वळवता आला असता. एक बटण दाबलं की सुटका. ही नोकरी लागली तेव्हा याच माणसाने चार पाहुण्यांसमोर तिची टर उडवली होती. हात न लावता, नुसत्या तोंडाने कुठं काही दुरुस्त होतं का, म्हणाला होता. ती उसळली, तोही उसळला. शब्दाने शब्द वाढत गेला आणि “जायचं तर जा, पण परत इकडे फिरकू नकोस” इथं येऊन थांबला. ती फिरकली नाही. त्याने फोन केला नाही. नाकावरचा राग तिने त्याच्याकडूनच घेतला होता, त्यामुळे माघार कुणी घ्यायची हा प्रश्न तसाच राहिला.

बटण मात्र तिने दाबलं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“सुरू व्हायला लागला की बटण दाबून धरा आणि बंद करा. परत चालू करा. असं दोन-तीनदा केलंत की वेगळा पडदा येईल.”

“दाबून धरू? जळणार नाही ना?”

“नाही जळत.”

तेवढ्यात सुपरवायझर बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. लांबलेला फोन त्यांना दुरून कळायचा. “सगळं उडवून नव्याने टाकायला सांग ना,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “इतकं उकरत कोण बसतं?”

नियमाप्रमाणे विचारणं भागच होतं. “सर, आतलं सगळं काढून कॉम्प्युटर नव्याने सुरू करता येईल. लवकर होईल. आत महत्त्वाचं काही आहे का?”

“काढायचं नाही!” तिच्या कानठळ्या बसल्या. “माझं काही नाही त्यात. मुलीचा आहे तो. कॉलेजात असताना घेतलेला.”

आत काय आहे ते तिला पाठ होतं. अर्धवट प्रोजेक्ट, गाणी, मैत्रिणींचे वेडेवाकडे फोटो. निव्वळ कचरा.

“तुम्ही वापरता का तो?”

“मला काय कळतंय त्यातलं! दर रविवारी चालू करतो, थोडा वेळ ठेवतो, बंद करतो. उभ्या गाडीची बॅटरी उतरते हो, मॅडम. अधूनमधून स्टार्टर मारावा लागतो. आली कधी, तर बंद पडलेला नको मिळायला.”

तिने माइकवर हात ठेवला. तिला संताप आला होता. रविवार चुकवायचा नाही आणि साधा एक फोन करायचा नाही! ती ताडकन उठली. हेडफोनची वायर पुरेना, म्हणून परत बसली.

“मी दुरुस्त करते, मॅडम,” ती बाईंना म्हणाली. “उडवायचं नाहीये.” बाई कपाळाला आठ्या घालून पुढच्या टेबलाकडे गेल्या.

वेगळा पडदा आला. तिने त्याला एकेक ओळ वाचायला लावली. तो शिव्या दिल्यासारखा वाचत होता. शेवटचं अपडेट काढून टाका, अशी ओळ सापडली. त्याने ती दाबली आणि वाट बघणं सुरू झालं. पलीकडे टेबलावर बोटं वाजत होती. इकडे तिचीही वाजत होती. मध्येच तो “काही होतंय का?” म्हणायचा आणि ती “होतंय” म्हणायची, जणू तिला दिसतच होतं.

“आला!” तो ओरडला. “चित्र आलं! डोंगराचं! मॅडम, मानलं तुम्हाला.”

“आता पासवर्ड टाका, सर. आत सगळं नीट आहे ना, ते बघून घेऊ.”

“तो मला नाही माहीत.”

“मग आजवर तुम्ही…”

“मी इथपर्यंतच आणतो. डोंगर दिसला की बंद करतो. पुढचं तिचं.” त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “बरं, ठेवू का? फार वेळ घेतला तुमचा.”

अशा वेळी म्हणायचं एक वाक्य ठरलेलं होतं. ते तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. फोन रेकॉर्ड होत होता. बाई पुन्हा तिच्याकडेच बघत होत्या. बघू देत.

“ठेवू नका, बाबा,” ती म्हणाली, आणि तो गुळगुळीत आवाज कुठल्या कुठे पळाला. “पासवर्ड मी सांगते.”

पलीकडची बोटं वाजायची थांबली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“थांब जरा, ठकू,” तो म्हणाला. “चष्मा पुसतो.”