कवडीचा माग

मामांची क्रिप्टोतली सगळी पुंजी चोराने लांबवून अकरा महिने झाले होते. क्रिप्टोच्या सार्वजनिक नोंदवहीत चोराचं खातं भाच्याला रोज दिसायचं; नसायचं फक्त नाव. “दिसतंय ना? मग घे की काढून!” मामा वैतागायचे. “रुपये करून घ्यायला नाव विचारणाऱ्या एक्स्चेंजवर त्याने पैसे नेले, की पकडलाच. तोवर चिडीचूप!” माग काढण्यात मुरलेला भाचा बजावायचा. पण काल मामांच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली दिसली आणि त्याचं डोकंच फिरलं. “घे, भिकारड्या!” म्हणत त्याने स्वतःच्या खात्यातून चोराला कवडीएवढी रक्कम भिरकावली. आज चोराचं खातं रिकामं! पुंजीचे हजारो तुकडे हजारो खात्यांत पांगले होते. कालच्या कवडीने चोराला पाळतीची चाहूल लागली होती. एवढ्यात स्क्रीनवर नवी नोंद उमटली: कालचीच कवडी, भाच्याच्या खात्यात परत. मामा दोरा सांभाळत वाकले. “अरे, पैसे आले! सुरुवात तर झाली!”