गुडघ्यातला गाळ

वार्षिक तपासणीला आलेला कृत्रिम पायाचा गुडघा एरानने टेबलावर उघडला, तर तळाशी काळा गाळ घट्ट बसलेला. गुडघ्यातल्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात. चुंबक लागला की ते एकमेकांना धरून साखळ्या करतात आणि गुडघा माणसाचं वजन पेलतो. चुंबक सुटला की पुन्हा मोकळे. हे कण कसे हलतात ते संगणकावर मांडून बघायचं, हेच एरानचं डेजॉनच्या प्रयोगशाळेतलं नऊ वर्षांचं काम. आणि हा गुडघा तिच्या बाबांचा होता. योसूच्या बंदरात जाळं ओढायच्या यंत्रात त्यांचा पाय गेला होता.

"तेल नासलं असेल," शेजारचा थेशिक म्हणाला.

तिनं तेल तपासलं. चांगलं होतं.

मग तिनं संगणकाला बाबांचं रोजचं चालणं दिलं. घर ते धक्का, चाळीस मिनिटं, ते दर रविवारी फोनवर सांगत तसं. पडद्यावर कण घुसळत राहिले, गाळ काही धरेना. चालणं निम्मं केलं, तरी धरेना. शेवटी तिनं गुडघा नुसता उभा ठेवला. कण हळूहळू खाली उतरू लागले. दोन महिने गेले, चार गेले. टेबलावरच्या गाळाइतका थर जमला तेव्हा पडद्यावर सात महिने उलटले होते.

आईला जाऊनही सातच महिने झाले होते.

तिनं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मांडून पाहिलं. उत्तर बदललं नाही. मग तिनं फोन लावला.

"बाबा, पाय कसा चालत होता?"

"झकास. रोज धक्क्यावर जायचो. गुडघा पाठवायच्या आदल्या दिवशी तर मासेवाल्या हात्सूनकडून चार बांगडे आणले. बुटकेच दिले मेल्याने. का गं? काही बिघाड निघाला?"

"थोडा गाळ बसलाय. तेल बदलते."

"तुझ्या त्या संगणकात कळतं का, कोण किती चाललं ते?"

एरानने पडद्याकडे पाठ केली. "नाही बाबा. तसलं काही कळत नाही."

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"जायला जमतं गं पोरी," बाबा म्हणाले. "पण परत येताना वळणावरून घर दिसतं ना, तिथं पाय उचलत नाही. तुझी आई दारात उभी असायची."

थेशिक उठून बाहेर गेला.

"शनिवारी मीच गुडघा घेऊन येते," एरान म्हणाली.

"ये. कडी वाजवत बसू नकोस," बाबा म्हणाले. "हल्ली मी दार लावतच नाही."