उतरलेला खांदा

लेक भरती झाल्यावर पहिल्यांदाच आम्हा पालकांना छावणी दाखवत होते. मळकट आभाळाखाली पोरांची कवायत चालली होती. सगळ्यांची डोकी भादरलेली, सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी.

तरी मी माझा लगेच ओळखला. लहानपणी झाडावरून पडल्यापासून त्याचा डावा खांदा उतरलेला. शर्ट शिवताना शिंप्याला दरवेळी सांगावं लागायचं.

"शेवटच्या रांगेतला, खांदा वाकडा आहे ना, तो माझा," मी कवायत शिकवणाऱ्या उस्तादांना कौतुकानं दाखवलं.

"वाकडं काही ठेवत नाही आम्ही, ताई," ते मैदानाकडे न बघताच म्हणाले.

तेवढ्यात मागून हाक आली, "आई."

वळले तर लेक उभा. तोच आवाज, हनुवटीवर तोच तीळ. खांदे मात्र पट्टीनं आखल्यासारखे सरळ.

"अरे, मग तो कोण?"

मैदानावर हुकूम सुटला आणि सगळ्या माना उजवीकडे वळल्या. एक तेवढी माझ्याकडे वळली.

लेकानं माझा हात घट्ट धरला. त्याचा तळवा गार पडला होता.

"नको बघूस, आई," तो हळूच म्हणाला. "इथे आम्ही कुणीच मैदानावरच्या आपापल्याकडे बघत नाही."